तू जेवतोस कोणाबरोबर?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या मुलाला घेऊन आमच्या दारी आली. मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, हॉटेलच्या कामाचे शिक्षण घेतलेला. मुंबईतील एका मोठ्या उपाहारगृहाच्या भटारखान्यात त्यास जागा मिळाली होती आणि दोन दिवसांनी त्याला निघावयाचे होते. "फादर, याला आशीर्वाद द्या आणि दोन शब्द सांगा. रात्रीचा बाहेर भटकणार नाही, एवढे वचन तेवढे तुम्ही याच्याकडून घ्या," ती म्हणाली. मुलगा हसला. म्हणाला, "आई, माझे कामच रात्रीचे आहे. दुपारी तीनला आत जायचे ते रात्री दीड-दोनला बाहेर पडायचे. मग वचन कशाचे देऊ?"

खरे सांगावयाचे तर आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. मग अशा वेळी जे सांगावयाची सवय जडली आहे तेच सांगितले. वाईट संगत धरू नकोस, दारूला शिवू नकोस, पैसा उधळू नकोस, रविवारची मिस्सा चुकवू नकोस. मुलाने मान खाली घालून ऐकले, आशीर्वाद घेतला आणि मायलेकरे निघून गेली. आमच्या मनाला मात्र रुखरुख लागून राहिली. आम्ही जे सांगितले त्यात खोटे काही नव्हते, परंतु ते सारे 'करू नको' या एकाच प्रकारातले होते. त्या अफाट शहरात त्याने बसावे कोठे, बोलावे कोणाशी, भुकेच्या वेळी कोणाच्या शेजारी जेवावे, याविषयी आमच्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता.

पुढे चार महिन्यांनी काही कामानिमित्त आम्हांस मुंबईस जावे लागले. काम दोन दिवसांत आटोपले आणि दोन दिवस हाताशी उरले. त्या दोन दिवसांत जे पाहिले, आठवले आणि ऐकले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरचे कोणी शहरात राहते त्यांना त्याचा उपयोग होईल, अशी आशा आहे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही धोबी तलावाच्या चौकात उतरलो. येथे तलाव आता नाही, नाव तेवढे उरले आहे. पण आपल्यापैकी कित्येकांच्या आजे-पणज्यांचे मुंबईतील पहिले पाऊल याच परिसरात पडले असेल. चौकाच्या एका अंगास १९३८ साली उघडलेले मेट्रो चित्रपटगृह उभे आहे. समोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर १९०४ सालापासून चालत आलेले कयानी नामक इराण्याचे हॉटेल आहे आणि याच इमारतीत वाद्ये व स्वरलेखनाची पुस्तके विकणारे फुर्तादोंचे दुकान आहे, ज्या पेढीचा आरंभ १८६५ साली झाला. वरच्या मजल्यांवर गोव्यातील गावांच्या कुडी आहेत. जेवण, संगीत, नाट्य आणि शेजार या चारही गोष्टी एका चौकात एकवटलेल्या पाहावयाच्या असतील तर याहून चांगली जागा मुंबईत क्वचितच सापडेल.

इराण्याच्या हॉटेलात आम्ही बसलो. लाकडी खुर्च्या, मळकट आरसे, काचेच्या बरण्यांतून बिस्किटे आणि खारी. बन-मस्का आणि चहा मागविला. इराणातून आलेल्या झरथुष्ट्री आणि मुसलमान कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या नाक्यानाक्यांवर अशी हॉटेले थाटली. कोपऱ्याची जागा दुकानाला अशुभ, अशी इतर व्यापाऱ्यांची समजूत असल्यामुळे त्या जागा इराण्यांना स्वस्तात मिळाल्या असे सांगतात. एके काळी अशी काही शे हॉटेले शहरात होती. आज मोजून पंचवीस-तीस उरली असतील. त्यांचे मोठेपण खाद्यपदार्थांत नव्हते. एका कप चहावर तासभर बसू देणे, हे त्यांचे मोठेपण. गिरणीतला कामगार, कोर्टातला कारकून, नोकरी शोधणारा पोरगा आणि नाटक कंपनीतला नट एकाच टेबलाला बसत आणि हळूहळू एकमेकांना ओळखू लागत. ज्याच्या बिऱ्हाडात पाय पसरावयासही जागा नाही, त्याला हे हॉटेल म्हणजे घराची ओसरीच होती.

तेथून जिना चढून आम्ही एका कुडीत गेलो. कूड म्हणजे काय, हे तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. गोव्यातील एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी घेतलेली ही सामाईक जागा. एक लांबट दालन, भिंतीच्या कडेने लावलेल्या पेट्या आणि एका टोकास आल्तार. सभासदाची मालमत्ता काय, तर त्याची पेटी. रात्री जमिनीवर अंथरूण टाकावयाचे आणि सकाळी गुंडाळावयाचे. वर्गणी अगदी नाममात्र. बोटीची वाट पाहणारा खलाशी, आचारी, वाढपी, शिंपी, वादक असे सारे येथे उतरत. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत अशा तीनशेंहून अधिक कुडी होत्या. नियम कडक असत. दारू पिऊन आत येता येत नसे, संध्याकाळी ठरल्या वेळी आल्तारापुढे तेर्साला बसावे लागे आणि चुकणाऱ्यास दंड पडे. गावच्या पात्रोनाचे फेस्त तेथेही साजरे होई.

सारेच गोड होते असे मात्र नव्हे. कुडीत स्त्रियांना जागा नसे. घरकामासाठी मुंबईस गेलेल्या आमच्या कित्येक भगिनींना असा आसरा मिळाला नाही. गावातील उच्चनीच भावही काही ठिकाणी पेटीबरोबर मुंबईस गेला. हे सारे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की शहरात उतरलेल्या परक्या मुलाचे नाव पहिल्याच रात्री कोणास तरी ठाऊक असे, ही गोष्ट लहान नव्हती.

त्या दालनात एक वृद्ध गृहस्थ खिडकीशी बसले होते. उभे आयुष्य जहाजावर आचारी म्हणून काढलेले. आम्ही विचारले, "बाबा, त्या काळी तुम्ही जेवत होता कोठे?" ते म्हणाले, "बाहेर, जिथे स्वस्त मिळेल तिथे. पण फादर, गावाहून कोणी आला की त्याच्या पेटीतले सुके बांगडे आणि आंब्याचे लोणचे त्याचे एकट्याचे राहत नसे. पेटी उघडली की सगळे भोवती जमायचे. त्या दिवशी कोणी बाहेर जेवायला जात नव्हते." एवढे सांगून ते थांबले. दालनातील बहुतेक पेट्यांवर धूळ बसलेली दिसत होती. बोटी आता कमी झाल्या आहेत, तरुण मुले भाड्याच्या खोल्यांत राहणे पसंत करतात आणि जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीचा प्रश्न कुडींपुढेही उभा आहे.

याच कुडींतून मुंबईच्या रात्री वाजत राहिल्या, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. गोव्यात इगर्जीच्या शाळेतून मेस्त मुलांस स्वर वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. उद्देश एवढाच की मिस्सेला आणि फेस्ताला गायनवृंद तयार असावा. पण हीच मुले पोटासाठी मुंबईस गेली, तेव्हा ताजमहाल हॉटेलातील आणि चर्चगेटच्या रस्त्यावरील उपाहारगृहांतील नृत्यसंगीत त्यांनी पेलून धरले. हळदोण्यात जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेटवादक म्हणून गाजले. १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि रात्रीच्या त्या मैफलींवर अवकळा आली. तेव्हा अनेक वादकांना हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा आधार झाला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. त्यांचे वडील गावच्या इगर्जीत गायनवृंद शिकवीत. मुलाने १९५८ साली मुंबईत भारतीय रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा आपला वाद्यवृंद उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले. सारा देश ते नाव गुणगुणू लागला, परंतु ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. गोन्साल्विस २०१२ साली निवर्तले.

नाट्याची कथाही अशीच आहे. तियात्र गोव्याचे खरे, पण त्याचा पहिला प्रयोग गोव्यात झाला नाही. १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझिन रिबेरो यांनी तो केला. त्यात काम करणारे जुआंव आगुस्तिन फेर्नांदिस पुढे तियात्राचे जनक म्हणून ओळखले गेले. १९०४ साली त्यांनी आपली पत्नी रेजिना हिला रंगभूमीवर उभे केले आणि तियात्रात प्रथमच स्त्रीची भूमिका स्त्रीने केली. दिवसभर परक्याच्या घरी राबलेली माणसे रात्री आपल्या भाषेत हसावयास आणि रडावयास तेथे जमत. मुंबईच्या रात्रीने आपली माणसे बिघडविली, असे आपण सहज म्हणतो. तीच रात्र आपल्या माणसांनी कितीतरी शोभिवंत केली, हेही म्हटले पाहिजे.

धोबी तलावावरून पायी निघालो की थोड्याच वेळात गिरगाव लागते. तेथे खोताची वाडी ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती. लाकडी जिने, बाहेर काढलेल्या गॅलऱ्या, कौलारू छपरे. एके काळी अशी साठ-पासष्ट घरे होती, आता निम्म्याहूनही कमी राहिली आहेत. जवळच रॉयल ऑपेरा हाउस आहे. १९९३ साली बंद पडलेले हे नाट्यगृह दुरुस्त होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. त्याचे सोनेरी कोरीव काम डोळे दिपवणारे आहे. परंतु आम्ही वाडीत अधिक वेळ थांबलो. दिवेलागणीची वेळ होती. एक आजीबाई गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या प्रत्येकास नावाने हाक मारीत होत्या. आम्हांस ओळखत नव्हत्या, तरी विचारले, "कोणाकडे आलात?" शहरात हा प्रश्न फार थोड्या गल्ल्यांत विचारला जातो. खेड्यात आपण याच प्रश्नाला कंटाळतो!

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची साप्ताहिक सुटी होती. त्यास भेटण्यासाठी आम्ही लालबाग-परळकडे गेलो. त्याचे उपाहारगृह ज्या भागात आहे त्यास जुने लोक अजून गिरणगाव म्हणतात. आज तेथे काचेच्या उंच इमारती, कचेऱ्या आणि रात्रीचे बार आहेत. पूर्वी तेथे कापडाच्या गिरण्या होत्या आणि कोकणातून, घाटावरून, कोल्हापूर-बेळगाव भागातून आलेले लक्षावधी कामगार तेथे राबत. बायका-मुले गावी, माणूस एकटा मुंबईस. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधराजण. त्यांचे जेवण खानावळीत.

ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करी आणि पगाराच्या दिवशी सारे हिशेब चुकते होत. कोण आजारी आहे, कोणाच्या घरून पत्र आले नाही, कोण गुत्त्याकडे वळू लागला आहे, हे सर्वांआधी तिला कळे, कारण ताटावर बसलेल्या माणसाचे मन लपत नाही. या स्त्रिया सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना एकत्र आणले आणि बँकांकडून कर्जे मिळवून दिली. लाखोंना जेवू घालणाऱ्या बाईस कष्टकरी म्हणून प्रथमच मान मिळाला.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतील बहुसंख्य पुन्हा कधी आत गेले नाहीत. खानावळीही हळूहळू विझल्या. कित्येक कामगारांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. दादर स्थानकाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी प्रथम वडा पावात घालून विकला असे सांगतात, आणि तो पाव तर पोर्तुगीज शब्दासह गोव्याच्या पाववाल्यांनीच मुंबईस नेलेला. ज्या आवारांत गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथे आता रात्री संगीत वाजते. खेड्यातून आलेले हात पूर्वी तेथे सूत कातीत होते. आज खेड्यातून आलेले हात तेथे भाजी चिरतात, ताटल्या धुतात आणि टेबले पुसतात. जागा बदलली नाही आणि हातही फारसे बदलले नाहीत.

मुलगा आम्हांस भेटला तो वाळलेला दिसला. तो एका जुन्या चाळीत आणखी तिघांसह राहतो. एक झारखंडचा, एक आसामचा आणि एक नेपाळचा. सारे निरनिराळ्या भटारखान्यांत कामाला. आम्ही पहिला प्रश्न विचारला तो आमच्या जुन्या वळणाचा. "संगत कशी आहे?" तो म्हणाला, "फादर, संगतच नाही. चौघांची सुटी चार वेगळ्या दिवशी. मी परततो तेव्हा दोघे झोपलेले असतात, उठतो तेव्हा एक कामावर गेलेला असतो."

मग आम्ही विचारले, "जेवतोस काय?"

"दुपारी चारला स्टाफचे जेवण. उभ्याउभ्याच, दहा मिनिटांत. मग रात्री दोनशे माणसांचे जेवण आमच्या हातून जाते. कोणाचा वाढदिवस, कोणाचे लग्न ठरलेले, केक कापतात, गाणे म्हणतात. काचेतून दिसते. सुटल्यावर रस्त्यावर भुर्जी-पाव खातो. गाडीवाल्या भय्याशी दोन शब्द बोलतो. दिवसभरात तेवढेच बोलणे होते." थोडे थांबून त्याने विचारले, "फादर, बारमध्ये जाऊन बसणारी आमची मुले दारूसाठी जातात असे तुम्हांला वाटते का? बहुतेक जण तिथे कोणीतरी बोलायला भेटते म्हणून जातात."

वाचकहो, आमच्या चार महिन्यांपूर्वीच्या उपदेशाचा तोकडेपणा त्या एका वाक्याने आम्हांस दाखवून दिला. आम्ही त्यास दारूपासून सावध केले होते आणि भूक कशाची लागेल, हे सांगितलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती पालकांनी नीट ऐकावी. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर, याच भागातील कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे मृत्युमुखी पडली. कित्येक जण धुराने गुदमरून गेले. आपल्या गोव्यात हडफडे येथे ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री एका नाइटक्लबला आग लागली आणि २५ जण दगावले. त्यांतील बहुतेक तेथे काम करणारे होते, दूरदूरच्या खेड्यांतून पोटासाठी आलेले. "ते कळले त्या रात्री आमच्या खोलीत कोणी झोपले नाही," मुलगा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मी सर्वांत आधी आमच्या किचनचे मागचे दार पाहिले. दारापुढे तेलाचे डबे रचून ठेवले होते. मी आणि दोघांनी मिळून ते हलविले. वरिष्ठ रागावले, पण पुन्हा कोणी तिथे डबे ठेवले नाहीत." रात्री भटकू नकोस, असे वचन आईने मागितले होते. बाहेर पडण्याची वाट कोठे आहे ते पाहून ठेव, असे सांगणे आम्हांपैकी कोणास सुचले नव्हते. ते त्याचे त्याने शिकून घेतले.

शहराची रात्र आता अधिक लांबत आहे. २०१७ सालच्या राज्याच्या कायद्याने दुकाने व उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याची वाट मोकळी झाली आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबईत काही भागांत तसा आरंभही झाला. त्यास विरोध करून आपल्या हाती काही लागणार नाही. रात्र उघडी राहिली तर आपल्याच मुलांना काम मिळते. परंतु दिवे जागे राहिले म्हणजे शेजार जागा राहतो असे नाही. वरळीच्या बीडीडी चाळी शंभर वर्षे उभ्या होत्या. १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक संडास अशा अवस्थेत माणसांनी तीन-तीन पिढ्या काढल्या. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. याचा आनंदच वाटावा, कारण दारिद्र्याचे कौतुक करणे हा सुखवस्तू माणसाचा खेळ आहे. तथापि चाळीच्या व्हरांड्यात जी दारे दिवसभर उघडी असत, ती उंच इमारतीत मिटलेली असतात. ती उघडी ठेवण्याचे काम आता वास्तू करणार नाही, ते माणसांनाच मुद्दाम करावे लागेल.

तेच त्या चार मुलांना आम्ही सुचविले. उपदेश म्हणून नव्हे, तर एक युक्ती म्हणून. चौघांपैकी दोघे तरी घरी असतील अशी आठवड्यातली एक वेळ शोधा आणि त्या वेळी खोलीतच शिजवून एकत्र बसून खा. चौघेही आचारी! दुसऱ्यांसाठी रोज रांधणाऱ्यांनी स्वतःसाठी एकदा रांधावयास काय हरकत आहे? मुलाने खोलीतील पिशवी उघडली. आईने पाठविलेल्या कोकमांची आणि सुक्या सुंगटांची पुडी तशीच बांधलेली होती. "एकट्यासाठी कोण करणार?" तो म्हणाला. त्या दुपारी आसामचा मुलगाही घरी होता. आमटी झाली, भात झाला. चाळीत खाली एकटे राहणारे एक वृद्ध गिरणी कामगार आहेत, त्यांना बोलावणे धाडले. ते आले आणि ताटापुढे बसल्यावर म्हणाले, "आमटीचा असा वास या मजल्यावर येऊन बरीच वर्षे झाली."

आम्ही गावी परतलो. त्यानंतर त्या खोलीत सारे काही उत्तम चालले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. कधी आठवड्याचे जेवण जमते, कधी दोन-दोन आठवडे जमत नाही. नेपाळचा मुलगा दुसरीकडे गेला. परंतु त्या वृद्ध गृहस्थांना ताप आला तेव्हा रात्री दोन वाजता त्यांना रुग्णालयात नेणारे हेच होते, कारण त्या वेळी जागे तेच होते. रात्रीच्या कामाचाही असा उपयोग होतो!

ज्यांची मुले-मुली शहरात आहेत त्यांना आमचे दोन-तीनच शब्द. फोनवर 'जेवलास का' असे आपण रोज विचारतो. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारीत जा: 'कोणाबरोबर?' उत्तर 'एकटाच' असे पुन्हापुन्हा येऊ लागले, तर ती पगार थकल्याहून मोठी काळजीची गोष्ट समजा. फोन आपल्या सोयीच्या वेळी न करता त्याच्या सोयीच्या वेळी करा. त्यासाठी एखादे दिवशी पहाटे उठावे लागले तरी उठा. गावाहून कोणी जात असेल तर पुडी एकाची न पाठविता चौघांची पाठवा. आणि मुलींच्या बाबतीत अधिक दक्ष असा. कुडी मुलग्यांसाठी होत्या, मुलींना शेजार आपणच शोधून द्यावा लागेल. त्यासाठी त्या शहरातील आपल्या ओळखीच्या एका तरी कुटुंबाचे दार आधी ठोठावून ठेवा.

आणि आपण स्वतः कधी शहरात गेलो, चांगल्या ठिकाणी जेवावयास बसलो, तर वाढणाऱ्यास त्याचे गाव विचारावे. दोन शब्दच पुरे. काचेपलीकडे कोणाचा तरी मुलगा उभा असतो.

परवा ती माउली मिस्सेनंतर भेटली. आम्ही म्हटले, "वचनाचे काय झाले?" ती म्हणाली, "वचन राहू दे, फादर. या वेळी कोकमे जरा जास्त पाठविते आहे. त्या आसामच्या मुलाला आवडतात म्हणे."